तुपाशिवाय अनारसे जमतील का? (दूध, गहू, काजू चालत नसलेल्या नातवासाठी)

कृष्णाकाठ (सांगली) – २६ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. पुष्कळ दिवसांनी धागा काढते आहे, मदत हवी आहे.

माझा नातू सहा वर्षांचा, पुण्याला असतो. त्याला दूध, गहू आणि काजू-पिस्ते यांची ॲलर्जी आहे. तपासण्या झाल्या आहेत, डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. गेल्या दिवाळीत मी त्याच्यासाठी मुद्दाम तेलातले बेसनाचे लाडू केले. तुपाचा थेंब घातला नाही. पण ज्या कढईत बेसन भाजलं, त्याच कढईत आदल्या दिवशी साजूक तुपात रवा भाजला होता. कढई घासली होती हो, पण आमची जुनी बिडाची कढई, तिच्या अंगात तूप मुरलेलं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अर्धा लाडू खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर-पोटावर गांधी उठल्या, खोकला सुरू झाला. सुनेपाशी इंजेक्शन होतं, तिने लगेच दिलं आणि आम्ही तसेच दवाखान्यात धावलो. एक रात्र ठेवून घेतलं. पोर बरं होऊन घरी आलं.

लक्ष्मीपूजनाला सगळे फराळाला बसले. तो आईने पुण्याहून आणलेल्या डब्यातले चुरमुरे खात होता. मला म्हणाला, “आजी, तू केलेलं काहीच मला चालत नाही का गं?” तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही.

या वर्षी सारखं वाटतंय की अनारसे करावेत. तांदूळ, गूळ, खसखस. गहू नाही, काजू नाही, अंडं नाही. अडतं ते फक्त तुपावर. माझे प्रश्न असे:

तुपाऐवजी कशात तळू म्हणजे जाळी पडेल? पीठ सैल करायला आई चमचाभर दूध किंवा साय घालायची, त्याऐवजी काय? आणि गेली दहा-बारा वर्षं मी तयार पीठ विकत आणते, घरी तांदूळ भिजवायची सवय मोडली आहे. कुणी नीट क्रमाने सांगेल का?

पाटावरवंटा (नाशिक) – २६ सप्टेंबर २०२५

ताई, अनारसा तुपावाचून अडत नाही. मी ५० वर्षं करते आहे. पीठ जमलं तर तो तेलातही फुलतो, पीठ बिघडलं तर साजूक तुपातही हसतो, म्हणजे तळतानाच फुटून विखुरतो.

तयार पीठ अजिबात आणू नका. त्यात बहुतेक वेळा तूप चोळलेलं असतं आणि ते कुठल्या जात्यावर दळलं ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

जुना तांदूळ घ्या. नवा तांदूळ चिकट होतो. दोन-तीनदा धुऊन भरपूर पाण्यात तीन दिवस भिजत ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं. बदललं नाही तर वास येतो, मग तो वास तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी रोळीत निथळून, स्वच्छ पंच्यावर सावलीत पसरायचा. उन्हात नाही, पंख्याखाली भरभर वाळवायचाही नाही. मुठीत घेतला की हाताला गार आणि ओलसर लागला पाहिजे, पण तळव्याला पाणी लागता कामा नये. दाणा दोन बोटांत चुरला गेला पाहिजे. हीच सगळी परीक्षा, इथे चुकलात तर पुढे काही खरं नाही.

मग दळून बारीक चाळणीने चाळायची. पिठी मुठीत दाबली तर मूठ वळते, तशी हवी. त्या ओलसर पिठीच्या वजनाच्या पाऊणपट गूळ बारीक किसून घाला. काही जणी बरोबरीने घेतात. तुम्हाला पुष्कळ वर्षांनी करायचे आहेत, तेव्हा पाऊणपटाच्या वर जाऊ नका. चिक्कीचा गूळ घेऊ नका, अनारसा दगड होतो. गूळ आणि पिठी एकजीव करून गोळे दाबून स्टीलच्या डब्यात भरा. पाच-सहा दिवस हात लावू नका. गूळ पाणी सोडतो, पीठ आपोआप मऊ होतं.

दुधाऐवजी पिकलेलं केळं. आमच्याकडे पहिल्यापासून केळंच घालतात. बोटभर तुकडा कुस्करून, पण तळायच्या वेळी आणि लागेल तेवढ्याच पिठात. केळं घातलेलं पीठ ठेवायचं नाही.

रानजाई (ठाणे) – २६ सप्टेंबर २०२५

कृष्णाकाठ काकू, तुमचं लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिला दूध आणि शेंगदाणे चालत नाहीत. म्हणून काही गोष्टी अगदी अनुभवाच्या सांगते.

जिन्नस ठीक असले तरी ते ज्या वाटेने येतात ती वाट बघा. तांदूळ गिरणीत देऊ नका. गव्हाच्या मागोमाग तांदूळ टाकला की पहिल्या किलो-दीड किलोत गहू येतोच. उपवासाचं दळण वेगळं ठेवतात अशी गिरणी असली तरी मी विसंबणार नाही, कारण पीठ गिरणीत हवेतच उडत असतं. घरी मिक्सरवर वाटा. त्यातही ज्या भांड्यात काजूची पेस्ट होते ते घेऊ नका. झाकणाची रबरी रिंग काढून बघा, तिच्या खाचेत काय काय अडकलेलं असतं ते दिसेल. शक्य असेल तर एक नवीन भांडं घ्या आणि त्यावर नातवाचं नाव लिहा.

पिठाची चाळणी नवी. लाकडी पोळपाट नको, त्याच्या रेघांत कणीक असते. अनारसे केळीच्या पानावर थापा. झारा स्टीलचा, धुतलेला. कढई स्टीलची किंवा नवी. तेल कोरं. शंकरपाळी तळलेल्या तेलात तळलं की सगळी मेहनत वाया.

आणि शंकरपाळी-करंज्यांच्या आधी अनारसे तळा, त्याच दिवशी नंतर नाही. मैदा हवेत उडाला की ओट्यावर बसतो.

जुना पिंपळ – २७ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचा मान राखून लिहितो. आमच्या लहानपणी असं काही ऐकलं नव्हतं. तूप कढवलं की त्यात दूध कुठे उरतं? आणि मुलाला रोज नखभर साजूक तूप चाटवलं तर हळूहळू अंगवळणी पडेल असं मला वाटतं. पोटाला सवय लावावी लागते.

स्टेथोस्कोप (पुणे) – २७ सप्टेंबर २०२५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. जुना पिंपळ काका, तुम्ही काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, पण हे कुणीही घरी करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

लोणी कढवताना तळाशी बेरी बसते. ती तांबूस बेरी म्हणजे प्रामुख्याने दुधातली प्रथिनं, करपलेली. ॲलर्जी असते ती याच प्रथिनांची. आपण तूप गाळतो तेव्हा बेरी गाळणीत राहते, पण तिचा अंश तुपात उतरलेला असतोच. मोठ्या माणसाला तो जाणवणारही नाही. कृष्णाकाठ ताईंच्या नातवाला कढईच्या अंगातला अंश पुरला, हे त्यांनीच लिहिलं आहे. गाईचं सोडून म्हशीचं किंवा शेळीचं तूप घ्यावं असंही काही जण सुचवतात. त्याचा उपयोग नाही, त्या दुधांतली प्रथिनं एकमेकांच्या फार जवळची आहेत. दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणं हा वेगळा प्रकार, त्यात दुधातली साखर पचत नसते. त्या माणसाला तूप बहुधा चालतं. दोन्ही गोष्टी एकच समजल्याने घोटाळे होतात.

नखभर देऊन सवय लावणं: तसे उपचार आहेत, पण ते मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणीबाणीची सोय हाताशी ठेवून करतात. घरच्या चमच्याने कधीही नाही.

ताई, तुमच्या सुनेने इंजेक्शन आधी दिलं हे अगदी योग्य केलं. अंगावर गांधी आणि सोबत खोकला, धाप किंवा उलटी असेल तर ॲड्रेनॅलीन हेच पहिलं औषध. खाज कमी करणाऱ्या गोळ्या-औषधांनी श्वासाचा त्रास थांबत नाही, त्यांची वाट बघण्यात वेळ जातो. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

एक प्रश्न तुम्हाला: नातवाने खसखस पूर्वी खाल्ली आहे का? खसखशीची ॲलर्जी क्वचित दिसते, पण दिसते. नवा पदार्थ दिवाळीच्या गर्दीत पहिल्यांदा देऊ नका. त्याच्या डॉक्टरांना विचारून आधी पुण्यात होऊ द्या.

कृष्णाकाठ – २७ सप्टेंबर २०२५

डॉक्टर, आत्ताच सुनेला फोन केला. खसखशीची खीर त्याला चालते, नारळाच्या दुधातली ती करते. केळं रोज खातो. गूळ, तांदूळ, नारळ यांचं काही नाही. तरी ती डॉक्टरांना विचारणार आहे.

बेरीचं वाचून एकदम उलगडा झाला. इतकी वर्षं गाळणीतली बेरी साखर घालून मुलांना देत आले, आणि तेच ते, हे कधी मनात आलं नाही.

अबोली (फोंडा, गोवा) – २८ सप्टेंबर २०२५

नारळाच्या तेलात तळून बघा ताई. आमच्याकडे चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) कितीतरी घरांतून खोबरेल तेलात तळतात. खोबरेल थंडीत तुपासारखंच थिजतं. त्यामुळे अनारसा गार झाल्यावर तेलकट लागत नाही, तुपातल्यासारखा कोरडा वाटतो. शेंगतेलात तो ओशट होतो असा माझा अनुभव.

तेल मात्र खाण्याचं, ताजं, घाण्यावरचं किंवा रिफाइंड. वास नको असेल तर रिफाइंड. घाण्यावरचं घेणार असाल तर त्याच घाण्यावर शेंगदाणे-तीळ काढतात का ते विचारा. आमच्या जवळच्या घाण्यावर नुसतं खोबरं असतं म्हणून मी निर्धास्त असते.

दूरदेशी (न्यू जर्सी) – २८ सप्टेंबर २०२५

खूप उपयोगी धागा. माझ्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे, म्हणून एक वेगळा धोका सांगते. इकडच्या देशी दुकानात मिळणाऱ्या अनारशांवर खसखशीऐवजी पुष्कळदा तीळ असतात. दुरून कळत नाही. भारतातून येणाऱ्या पाकिटांवर मी डोळे लावून वाचते, कारण अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक म्हणून लेबलवर लिहावाच लागतो. भारतातल्या यादीत तीळ नाही, त्यामुळे तिकडे खरेदी करताना “यात तीळ असतील का” हे स्वतः विचारावं लागतं.

खोबरेलाबद्दल: इथे अनेक वर्षं नारळ काजू-बदामांच्या गटात धरला जायचा, म्हणून आई घाबरायच्या. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या अन्न व औषध प्रशासनाने तो त्या यादीतून काढला. अर्थात नारळाचीच ॲलर्जी असलेली मुलं असतात, त्यांचं वेगळं. तुमच्या नातवाला नारळ चालतो म्हणजे अबोलीताईंचा सल्ला उत्तम.

रानजाई – २८ सप्टेंबर २०२५

दूरदेशी म्हणतात त्याला जोड देते. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार ग्लुटेन असलेली (गव्हासारखी) धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. शेवटचं सल्फाइट लक्षात ठेवा. पिवळाधमक दिसण्यासाठी गुळात हायड्रोस (सल्फाइटच्या जातीचं, रंग उजळवणारं रसायन) घालतात, आणि दम्याच्या काही मुलांना सल्फाइटने त्रास होतो. नातवाला दमा असेल तर गडद रंगाचा, ओळखीच्या गुऱ्हाळातला गूळ बघा. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला मी काय गुळाचं सांगणार.

कृष्णाकाठ – २८ सप्टेंबर २०२५

रानजाई, गूळ आमच्या भाचीच्या सासरहून येतो, कोल्हापूरच्या बाजूचं त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. तपकिरी असतो, जरा मऊ. दसऱ्यानंतर नवा हंगाम लागतो, पण माझ्याकडे जुना आहे, तोच वापरीन. दमा त्याला नाही.

खोबरेल तेल ठरलं. आमच्या ह्यांना वास चालत नाही म्हणून रिफाइंड. मिक्सरचं भांडं आणि चाळणी नवी आणली. तांदूळ ३ ऑक्टोबरला भिजत घालते, दसरा झाला की.

खजुराचं बन (दुबई) – ३० सप्टेंबर २०२५

इकडे खसखस आणायलाच बंदी आहे, त्यामुळे आम्ही अनारशाला खसखस लावूच शकत नाही. नवीन आले तेव्हा रव्यावर थापायचे. मग शेजारच्या मुलीला गहू चालत नाही असं कळलं आणि रवा बंद केला. आता पिठी चाळल्यावर चाळणीत जी तांदळाची भरड उरते, ती कढईत कोरडी भाजून ठेवते आणि तिच्यावर थापते. फार जाड कणी घ्यायची नाही, दाताखाली येते. खसखशीची चव येत नाही, पण कुरकुरीत होतात आणि पानाला चिकटत नाहीत. खसखस चालत नसलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

मधली सुट्टी – १ ऑक्टोबर २०२५

मला एक शंका आहे. तांदूळ तीन दिवस भिजतो तेव्हा आंबतो आणि त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं असं वाचलं. दुधाच्या ॲलर्जीत हे चालतं का?

स्टेथोस्कोप – १ ऑक्टोबर २०२५

चालतं. नाव दुधावरून पडलंय, पण इडलीच्या पिठात, लोणच्यात, आंबवलेल्या कुठल्याही धान्यात ते जीवाणू तयार करतात. त्यात दुधाचं प्रथिन नसतं. शंका चांगली विचारलीत.

कृष्णाकाठ – ७ ऑक्टोबर २०२५

काल कोजागिरीला तांदूळ उपसला. अर्धा किलोच भिजवला होता, पहिल्यांदा जास्त नको म्हणून. पंच्यावर दीड तास लागला. हात फिरवत बसले होते. पाटावरवंटा ताईंनी लिहिलं तसं दाणा दोन बोटांत चुरायला लागला तेव्हा उचलला. मिक्सरवर थोडा थोडा वाटला, एकदम भरला तर खाली गोळा होतो. ५८० ग्रॅम पिठी भरली, ४३५ ग्रॅम गूळ घातला. डबा वरच्या फळीवर आहे, खोली बंद. घरात गव्हाचं काही त्या ओट्यावर आणू नका म्हणून ह्यांना आणि कामाच्या मावशींना दोघांना सांगून ठेवलंय. मावशींनी स्वतःहून त्या ओट्याचं फडकंच वेगळं केलं.

कृष्णाकाठ – १२ ऑक्टोबर २०२५

पाटावरवंटा ताई, लवकर या. आज चाचणीला चार तळले. पहिले दोन हसले! पान सोडून तेलात गेले आणि जाळी पडता पडता कडा सुटल्या, मधे भोक पडून सगळा विखुरला. कढईभर तांबडे कण. तिसरा जरा टिकला, पण झाऱ्यावर घेताना मोडला. गूळ पाऊणपटच होता. काय चुकलं?

पाटावरवंटा – १२ ऑक्टोबर २०२५

घाबरू नका. सांगा: केळं किती घातलंत? आणि तेल किती तापलं होतं?

कृष्णाकाठ – १२ ऑक्टोबर २०२५

दोन वाट्या पिठाला अर्धं केळं. तेल मंद होतं.

पाटावरवंटा – १२ ऑक्टोबर २०२५

सापडलं. केळं फार झालं. तुमचा गूळ मऊ आहे, त्यानेच पीठ सैल झालं असणार. वर अर्ध्या केळ्याची गरजच नव्हती. आणि अनारसा फार मंद तेलात टाकला की फुलायच्या आधी गूळ वितळतो आणि तो हसतो. मध्यम आंच ठेवा. पिठाची चिमूट टाकली तर ती तळाशी जाऊन सावकाश, पण न थांबता वर यावी.

उरलेल्या पिठात भिजवलेल्या तांदळाचीच पिठी दोन-तीन चमचे घालून मळा. पुन्हा तांदूळ भिजवायला तीन दिवस जातील, ते जाऊ द्या, अजून वेळ आहे. दुकानातली तांदळाची पिठी मात्र घालू नका, ती गिरणीतली असते. केळं आधी घालूच नका. थापताना कडेला भेगा पडल्या तरच सुपारीएवढं.

दूरदेशी – १२ ऑक्टोबर २०२५

अनारसा हसतो हा शब्द माझ्या आईच्या तोंडून शेवटचा ऐकला होता. ती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

कृष्णाकाठ – १७ ऑक्टोबर २०२५

जमले.

आज वसुबारस. सकाळी देवाचं झाल्यावर, घरात दुसरं काहीही तळायच्या आधी बसले. दोन मुठी तांदूळ पुन्हा भिजवले होते, त्याची पिठी घालून पीठ घट्ट केलं. केळं शेवटपर्यंत लागलं नाही. लिंबाएवढी गोळी, केळीच्या पानावर खसखस भुरभुरून तिच्यावर ठेवली आणि बोटांनी मधून कडेकडे थापत नेली. कडा मधल्यापेक्षा किंचित जाड. खसखशीची बाजू वर ठेवून तेलात सोडला.

आधी काहीच होत नाही. मग कडेला बारीक बुडबुडे, मग ते आत सरकत जातात आणि मधे एकदम सूज येते. उलटायचा नाही. झाऱ्याने वर तेल उडवत राहायचं. खसखस पांढरीच राहते, तिच्या खालची जाळी बदामी होत जाते. उचलताना दोन झारे लागतात, गरम असताना फार लुसलुशीत असतो. चाळणीत कडेला उभे टेकवून ठेवले, खाली ताट. दहा मिनिटांत कडक.

२६ झाले. एकही हसला नाही. ह्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, “तुपातलाच आहे की.” अबोली, तुमचे आभार किती मानू. गार झाल्यावर बोटाला तेल लागत नाही.

नव्या स्टीलच्या डब्यात भरून वर चिठ्ठी लावली आहे: “या डब्यात फक्त धुतलेला हात.”

जुना पिंपळ – १८ ऑक्टोबर २०२५

वहिनी, अभिनंदन. मी वर जे लिहिलं होतं ते मागे घेतो. डॉक्टरांचं वाचल्यावर माझ्या पुतणीला फोन केला, तिच्या मुलीलाही दूध चालत नाही, आणि दर वेळी मी “थोडं दे गं” म्हणत आलो होतो. तिची माफी मागितली. तुमचं प्रमाण तिला पाठवलं आहे.

कृष्णाकाठ – २४ ऑक्टोबर २०२५

काल भाऊबीज करून मंडळी पुण्याला गेली. आता निवांत लिहिते.

सुनेने आल्या आल्या डबा बघितला, कढई, तेलाची पिशवी, मिक्सरचं भांडं, गूळ, सगळं विचारलं. मी ओळीने सांगितलं. तिने पुण्याहून त्याच्या डॉक्टरांना विचारलेलं होतंच. मग दिवसाउजेडी, इंजेक्शन शेजारी ठेवून, नखाएवढा तुकडा दिला. आम्ही दोघी घड्याळ बघत बसलो. अर्ध्या तासाने चतकोर. मग दोन तास काही नाही. तो अंगणात किल्ला करत होता, त्याला कशाचा पत्ताच नव्हता.

लक्ष्मीपूजनाला आम्ही एक केलं. फराळाचं ताट फिरवायच्या आधी सगळ्यांनी हात धुतले आणि पहिल्यांदा फक्त अनारसे वाढले, सगळ्यांना त्याच डब्यातले, कोऱ्या ताटलीत. चकली, शंकरपाळी, करंजी नंतर, आणि तोवर तो खाऊन उठला होता. त्याने आधी वरची खसखस बोटाने वेचून वेचून खाल्ली. मग ह्यांच्या ताटलीकडे बघून आईला विचारलं, “आजोबांच्यातला पण चालेल?” ती म्हणाली, “चालेल.” त्याने जाऊन त्यांच्या ताटलीतला अर्धा उचलला.

रात्री झोपताना मला म्हणाला, “उद्याला ठेव.”

खजुराचं बन – २४ ऑक्टोबर २०२५

किती वेळ वाचत बसले हे. नातवाला आमच्या सगळ्यांकडून आशीर्वाद.

मधली सुट्टी – २५ ऑक्टोबर २०२५

काकू, पुढच्या वर्षी १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. आमच्या नव्या जावयांना गहू चालत नाही, सीलिॲकचं (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते, त्या आजाराचं) निदान झालंय. वाणाला ३३ अनारसे द्यायचे आहेत. तुमच्याच पद्धतीने केले तर चालतील ना? त्यांना दूध-तूप चालतं. आणि उन्हाळ्यात पीठ किती दिवस राहतं?

स्टेथोस्कोप – २५ ऑक्टोबर २०२५

सीलिॲक हा गव्हाच्या ॲलर्जीपेक्षा वेगळा आजार आहे, पण गव्हाच्या कणाचा कटाक्ष तितकाच, किंबहुना आयुष्यभराचा. गिरणी, पोळपाट, चाळणी, तेल हे सगळं वरच्यासारखंच पाळा. तूप चालत असलं तर कोरं तूप घ्या, करंज्या तळून उरलेलं नको.

पाटावरवंटा – २५ ऑक्टोबर २०२५

उन्हाळ्यात तांदूळ लवकर आंबतो. पाणी दिवसातून दोनदा बदला. मे महिन्यात मी भिजवलेला तांदूळ दुसऱ्या दिवसानंतर फ्रिजमध्ये ठेवते. पीठ बाहेर तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नका. गोळे करून फ्रिजमध्ये ठेवले तर महिनाभर राहतं, तळायच्या आदल्या रात्री बाहेर काढायचं. ३३ साठी पाऊण किलो तांदूळ घ्या, मधे दोन-चार मोडले तरी पुरतील. आणि पहिला एकटाच तळा. तो काय सांगतो ते बघून मग बाकीचे थापायला घ्या.